तीन टेंडर आलेत बे, अजून काय पायजे?

आमच्या सोलापूरच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर कधी पाण्यावरून, कधी रस्त्याच्या डांबरावरून भांडण पेटतं. एक गट म्हणतो, सगळे अधिकारी खातात. दुसरा म्हणतो, ई-निविदा आल्यापासून खायला जागाच उरली नाही. जर्मनीत बसून वाचताना मला दोन्ही पटत नाहीत.

ई-निविदेमुळे ठेकेदाराला फॉर्म न देणं, दारात अडवणं बंद झालं, हे खरं. पण ‘हे काम तुझं, पुढचं माझं’ असं चहाच्या टपरीवर ठरलं, तर पोर्टलला काय कळणार? किमान तीन निविदांचा कोरम भरायला दोघं सपोर्टची निविदा टाकतात, मुद्दाम चढ्या दराची. ठेकेदारांची रिंग, म्हणजे संगनमत, पूर्ण.

ग्रुपमधला एक मित्र सरकारी कार्यालयात निविदांच्या फायली बघतो. माणूस सरळ. त्याच्याकडे मागे तीन निविदा आल्या. तिघांच्या बयाण्याचे डीडी एकाच बँकेच्या एकाच शाखेतले, नंबर एकापाठोपाठ एक. तिन्ही पत्रांत शुद्धलेखनाची चूकही तीच. कागद पूर्ण होते, म्हणून त्यानं तुलनात्मक तक्ता करून फाईल वर पाठवली. मी विचारलं, खटकलं नाही? म्हणाला, “तीन टेंडर आलेत बे, अजून काय पायजे?”

मी त्याला दोष देत नाही. प्रत्येक निविदा कागदपत्रांच्या यादीशी ताडायला त्याला शिकवलंय. निविदा एकमेकींशी ताडायला कुणी शिकवलंच नाही.

कायदा आहे. 2002 च्या स्पर्धा कायद्याचं कलम 3 निविदेतल्या संगनमताला लागू होतं. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांत असं संगनमत झाल्याचं ठरवून स्पर्धा आयोगानं 2018 मध्ये कंपन्यांना दंड केला. ते प्रकरण नेलं होतं नागरिक चेतना मंचानं. खरं तर महापालिकेसारखी वैधानिक संस्था स्वतःच आयोगाकडे जाऊ शकते. हे आमच्या मित्राला माझ्याकडून कळलं, यातच सगळं आलं.

इथले, जर्मनीतले, लोक धुतल्या तांदळासारखे आहेत असं समजू नका. अग्निशमन गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी इथे वर्षानुवर्षं गावोगावच्या पालिकांची कामं वाटून घेतली. ऑर्डरींचे आकडे स्वित्झर्लंडमधल्या एका हिशेबनिसाकडे जायचे आणि बैठका व्हायच्या झुरिच विमानतळावर! 2011 मध्ये त्यांना दंड झाला. निविदेतलं संगनमत इथे फौजदारी गुन्हा आहे. शिवाय 2022 पासून ठरावीक रकमेवरचं काम देण्याआधी त्या कंपनीचं नाव स्पर्धा नोंदवहीत, म्हणजे असे गैरप्रकार केलेल्या कंपन्यांच्या सरकारी यादीत, आहे का, हे खरेदी करणाऱ्या कार्यालयाला पाहावंच लागतं. म्हणजे क्लार्कनं शंका काढली तर तो आगाऊ ठरत नाही. विचारणं हे त्याचं कामच असतं.

मी ग्रुपवर लिहिलं, यशदात, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या पुण्यातल्या प्रशिक्षण संस्थेत, सगळ्यांना हे शिकवा. मित्राचं उत्तर लगेच आलं: “शिकतो की. पण मी फाईल अडवली आन् मार्चअखेर निधी परत गेला, तर खुलासा कोण देणार?”

प्रश्न रास्त आहे. म्हणून माझं म्हणणं, या वर्गात पहिल्या बाकावर लेखापरीक्षक आणि कार्यकारी अभियंता बसवा, क्लार्कचा नंबर त्यांच्यानंतर. ‘संगनमताचा संशय, फेरनिविदा मागवावी’ असा शेरा पाहून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, ते हेच दोघं.