इमारत नको, ताईचा पगार द्या

रोज सकाळी १०.२० ला आमच्या नागपूरच्या मानेवाड्यातल्या ऑटिझम सेंटरच्या फाटकाशी एक मुलगा येऊन उभा राहतो. मुलगा म्हणते खरी, पण वय २२. दोन्ही हात गजांवर आणि डोळे कोपऱ्यावरच्या पानठेल्याकडे, कारण तिथूनच त्याच्या ताईची, म्हणजे त्याला शिकवणाऱ्या विशेष शिक्षिकेची, स्कूटी वळायची. ताई जूनमध्ये काम सोडून गेली. साडेदहा वाजले की तो आत येतो, पण चप्पल काढत नाही. चप्पल काढून स्टँडच्या तिसऱ्या खणात ठेवायची, हे तो तिच्याबरोबर शिकला होता. शिकायला ७ महिने लागले होते.

त्याची आई परवा म्हणाली, "मॅडम, रोज वाट पाहून राहिला नं तो. काय सांगू त्याले?"

ताईला मी दोष देत नाही. आम्ही देतो त्या पगारात तिचं घर चालत नव्हतं. दुसरीकडे बरे पैसे मिळाले, गेली. थांब म्हणायला मला तोंडच नव्हतं. चार वर्षांत अशा तीन ताया गेल्या आणि प्रत्येक वेळी पाचसहा मुलं कित्येक महिने मागे गेली. हे मला खूप लागतं, म्हणून आज लिहिते आहे.

नागपूरकर देतात, मनापासून देतात. मुलाच्या वाढदिवसाला आमच्या मुलांना जेवण घालणारे आहेत, वह्या आणणारे आहेत. २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम दिनाला, निळे दिवे लावून फोटो काढायलाही लोक येतात. एका भल्या माणसाने मागच्या एप्रिलात भला मोठा लोखंडी कूलर दिला. आपल्याकडचा उन्हाळा काय सांगायचा, पारा ४५ वर. कूलर सुरू केला आणि त्या घरघराटाने दोन मुलं कान दाबून टेबलाखाली शिरली. एकाने स्वतःच्या हाताला चावा घेतला. मग ताईने काय केलं? पहिले काही दिवस मुलांना नुसतं बंद कूलरजवळ बसवलं, खसच्या ताट्यांना हात लावू दिला. नंतर फक्त पंप सुरू केला, पाणी पडताना दाखवलं. त्यानंतर पंखा, तोही दूरच्या खोलीतून ऐकवत, रोज थोडा जवळ. तीन आठवड्यांनी तीच मुलं कूलरसमोर बसून डबा खात होती.

कूलरचं बिल एकदाच लागलं. ते तीन आठवडे मात्र ताईच्या पगारातले होते, आणि त्यासाठी पैसे मागायला गेलं की दार बंद होतं.

एका कंपनीच्या ऑफिसात मी फाइल घेऊन तासभर बसले. शेवटी उत्तर आलं, "खोली बांधून देऊ, नाव लावा. पगार म्हणजे प्रशासकीय खर्च, तो ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही." हे मी याआधीही ऐकलंय, आणि ते बरोबर नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामांवर, खर्च करायला लावलं. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चावर. २०२१ च्या दुरुस्त नियमांत स्पष्ट लिहिलंय की प्रकल्प राबवण्यासाठी थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही. वर्गात मुलाशेजारी बसणारी विशेष शिक्षिका हाच आमचा प्रकल्प आहे हो! शिवाय सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं प्रकल्प चालवायची सोयही नियमांत आहे. तरी आम्हाला मिळतं ते एका वर्षाचं, आणि मार्च आला की माझी झोप उडते.

कागदावर पुष्कळ बदललं, हे मान्य केलंच पाहिजे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आहे. प्रमाणपत्र मिळतं, यूडीआयडी हे अपंगत्वाचं ओळखपत्र मिळतं, निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, थेरपीसाठीही त्यातून काही रक्कम मिळते. आमच्याकडच्या प्रत्येक पालकाचे हे कागद आम्ही करून घेतो. पण चप्पल तिसऱ्या खणात ठेवायला कार्ड शिकवत नाही.

आणखी एक. ऑटिझम असलेल्यांना मराठीत म्हणतात तो 'स्वमग्न' हा शब्द मला कधीच पटला नाही. स्वतःत मग्न असलेला माणूस रोज फाटकाशी उभा राहील का? ताईच्या स्कूटीच्या हॉर्नचा आवाज तो दहा गाड्यांतून ओळखायचा. या मुलांना माणूस लागतो, आणि तोच लागतो, रोज, त्याच वेळेला. माणूस बदलला की त्यांच्या दिवसाचा आधारच निघून जातो.

म्हणून माझं मागणं एकच आहे. एकदम ५० हजार देणार असाल तर त्याऐवजी महिन्याला ५०० द्या, पण तीन वर्षं द्या. कंपनीत हिशोब पाहणारे कुणी मित्र असतील तर नियमाचं हे कलम त्यांना दाखवा. पावती, ऑडिट, ताईची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी, सगळं केव्हाही येऊन बघा.

सोमवारी नवी ताई रुजू झाली. ती बसने येते. पहिला आठवडा तिने काही शिकवायचं नाही, एवढंच ठरवलंय. १०.२० ला फाटकाशी जाऊन त्याच्याशेजारी उभं राहायचं. काल तो तिच्याकडे बघत नव्हता. आज त्याने गजावरचा हात जरासा सरकवून तिच्यासाठी जागा केली.

तिच्या पगाराची सोय मार्चपर्यंत आहे.