गुन्हा नोंदवायचाय? मग आधी भावना दुखवून घ्या

मंडईच्या गर्दीत खिशातला मोबाईल गेला आणि तुम्ही पोलीस ठाणं गाठलंत, इथवर ठीक. पण 'चोरीला गेला' हे शब्द तोंडातून काढू नका. ठाणे अंमलदार मान वर न करता विचारतील, "काका, चोरताना पाहिलंत का?" नाही पाहिलंत. "मग चोरी कशावरून? पडला असेल कुठंतरी." पाचच मिनिटांत तुमचा मोबाईल 'गहाळ' होतो. गहाळ वस्तूला चोर नसतो, चोर नाही म्हणून तपास नाही, आणि ठाण्याची आकडेवारी धुतल्या तांदळासारखी. तुम्हाला शिक्क्याचा कागद मिळतो. तो दाखवून नवं सिम घ्या.

कायदा तर मुळीच सांगू नका. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात बजावलं. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिचं कलम 173 म्हणतं की हद्द कुणाचीही असो, फिर्याद घ्या. तुम्हाला हे तोंडपाठ असेल. अंमलदारांनाही आहे. तरी "रस्त्याची ती बाजू आमच्याकडे येत नाही" हे ऐकायची तयारी ठेवा. कुणी मारलंच, तर निदान दात तरी पडू द्या. दात तुटला किंवा निखळला की ती कायद्याने गंभीर दुखापत. नुसत्या सुजलेल्या गालावर एनसीची, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत अशा अदखलपात्र गुन्ह्याची, पावती घेऊन घरी यावं लागतं.

म्हणून म्हणतो, वस्तू, पैसा, दात यांच्या नादी लागूच नका. भावना दुखवून घ्या. भावनेची खरेदीपावती कुणी मागत नाही, तिला मेडिकलला पाठवत नाहीत आणि ती दुखावताना पाहिलंत का, असंही विचारत नाहीत. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलच्या, न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम 299 ला हेतू जाणूनबुजून आणि दुष्टबुद्धीचा लागतो खरा, पण ती कोर्टातली भानगड. ठाण्यात लागतात माणसं. एकट्याच्या भावना दुखावल्या तर "लेखी अर्ज द्या, साहेब बंदोबस्ताला गेलेत" असं उत्तर मिळतं. शे-दीडशे जणांच्या एकदम दुखावल्या की साहेब बंदोबस्तावरून लगेच परत येतात, चहाही सांगतात. निवेदनाच्या प्रती आणि एक फोटोग्राफर बरोबर असू द्या. ज्या पोस्टने भावना दुखावल्या ती स्वतः वाचलेली असण्याची गरज नाही.

आरोपी निवडताना हात आखडता घेऊ नका. 2012 साली मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या मुलीबरोबर ते लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही पालघरमध्ये अटक झाली होती. त्यातलं आयटी कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं 66अ कलम 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, पण म्हणून काय झालं? कलमं काय, एक गेलं की दुसरं हजर.

शिक्षा होईल का, हा प्रश्न नवशिक्यांचा. भावनांच्या या खटल्याची कोर्टाने दखल घ्यायला आधी सरकारची मंजुरी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 217. ती फाईल फिरत राहील. तोवर समोरचा वकील शोधतोय, जामीनदार शोधतोय, पासपोर्टच्या पडताळणीत अडकतोय, आणि तुमचं काम बातमी छापून आली त्याच सकाळी झालेलं असतं.

फक्त उशीर करू नका. समोरच्याकडेही माणसं आहेत आणि त्यांनाही भावना आहेत. दोन्ही गट एकदम ठाण्यात पोहोचले तर अंमलदार कार्बन सारखा करत म्हणतात, "दोघांच्याही घेतो. तोवर बाहेर बसा, मिटतंय का बघा."