फ्रिज चालेल का हो?

साताऱ्यात लाईट गेली की माणूस आधी गॅलरीत येतो. आपली एकट्याचीच गेली की सगळ्या गल्लीची, एवढं बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. सगळीकडे अंधार असला की जिवाला बरं वाटतं. समोरच्या घरात ट्यूब दिसली की मात्र पोटात दुखायला लागतं. ‘त्यांचा फेज वेगळा असेल’ अशी समजूत घालून होते, आणि मग कळतं की त्यांनी इन्व्हर्टर घेतलाय. माझ्या मते निम्म्या घरांत इन्व्हर्टर येतो तो या पोटदुखीपायी.

कोयनेचं धरण आमच्या जिल्ह्यात, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आमच्या डोक्यावर, आणि मेणबत्तीही आमच्याच हातात, हे प्रत्येक सातारकर एकदा तरी म्हणून घेतो. त्याला उत्तर आहे, पण त्यानं कुणाचं समाधान होत नाही. कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा असला तरी आपली लाईट जाते ती अगदी शेवटच्या टप्प्यात. अकरा हजार व्होल्टच्या लाईनला फांदी टेकते, जंप म्हणजे तारांमधला जोड तुटतो, नाहीतर डीपीतला फ्यूज उडतो. पवनचक्की फिरवणारा वाराच खाली येऊन गोडोलीत झाड तारेवर पाडतो. वळवाच्या पावसात वायरमन शिडी घेऊन येईपर्यंत आपली सोय आपणच बघायची.

दुकानात गेल्यावर गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘फ्रिज चालेल का हो?’ उत्तरही ठरलेलं: ‘चालंल की! न चालायला काय झालं?’ दुकानातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे हे ‘चालंल की’. दुकानदार तसा खोटं बोलत नाही. चालू फ्रिज शे-दीडशे वॅटच खातो. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. त्याच क्षणी ९०० चा इन्व्हर्टर टीं-टीं करून ओव्हरलोडचा लाल दिवा दाखवतो आणि फ्रिजबरोबर पंखे-दिवेही घेऊन बसतो. त्यातून तो ९०० आकडा व्हीएचा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरचा. वॅटमध्ये बघाल तर हातात साडेसहाशे-सातशेच येतात. फ्रिजला खरं तर काहीच लागत नाही. दार उघडलं नाही तर चार तास आतलं सामान सुखरूप राहतं. फक्त दर पंधरा मिनिटांनी दार उघडून ‘अजून गार आहे का’ हे बघणाऱ्या माणसाला आवरावं लागतं, आणि त्यासाठीचं यंत्र बाजारात आलेलं नाही.

म्हणून दुकानाआधी घरात बैठक घ्यावी. कागद-पेन घेऊन काय चालू राहणार ते लिहावं, आणि काय बंद राहणार ते त्याहून मोठ्या अक्षरात. बैठक चांगलीच रंगते. आजोबांना बातम्या हव्यात, सूनबाईंना मिक्सर, नातवाला वायफाय, आणि ‘माझं काही नाही बाबा’ म्हणणाऱ्या आजींना हळूच गिझर. गिझर दोन हजार वॅटचा, मिक्सर पाचशे ते साडेसातशेचा, टाकीत पाणी चढवणारी एक एचपीची मोटर ७४६ वॅटची आणि सुरू होताना फ्रिजपेक्षा हावरी. हे तिन्ही कागदावरून कटाप. उरतात ते दोन जुने पंखे ७५ वॅटचे, तीन एलईडी ट्यूब वीस-वीसच्या, टीव्ही साठचा, राउटर दहाचा आणि मोबाइलचे चार्जर. बेरीज तीनशे वॅट.

आता बॅटरी. १२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-अवर म्हणजे १८०० वॅट-अवर. भागिले तीनशे, म्हणजे सहा तास, असा हिशेब करून लोक खुशीत पैसे मोजतात. त्यातला पाचवा हिस्सा इन्व्हर्टर स्वतः गिळतो. बॅटरी तळापर्यंत उपसली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून उरलेल्यातला आणखी पाचवा हिस्सा आत सोडायचा. उरले साधारण साडेअकराशे, म्हणजे पावणेचार तास. तेही पुरते मिळत नाहीत, कारण बॅटरीवर बारीक अक्षरात सी-२० लिहिलेलं असतं. दीडशेचा तो आकडा साडेसात अँपिअरनं वीस तास वापरली तरचा. तीनशे वॅटला आपण तीस अँपिअर ओढतो. पाहुण्याला दिलेल्या उसन्या पैशांसारखंच हे: सावकाश मागितले तर सगळे येतात, एकदम मागितले की हात आखडतो. तीन तास धरून चालावं. खरेदीच्या वेळी सी-१० वर, म्हणजे दहा तासांत वापरली तर, किती भरते तेही विचारावं. दुकानदाराचा चेहरा पडला तर समजायचं, प्रश्न बरोबर होता.

इथं मोठी बॅटरी घेण्याचा मोह होतो. त्याआधी पंखे बदला. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा तीस वॅटच्या आसपास चालतो. दोन पंख्यांत नव्वद वॅट वाचले की तीनशेचे दोनशेदहा होतात आणि त्याच बॅटरीवर पाऊण-एक तास सहज वाढतो, शिवाय बिलातही फरक पडतो. पण नवा पंखा समोरच्यांच्या गॅलरीतून दिसत नाही, ही त्याची मोठी अडचण.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे लाईनसारखीच वीज देणारा, घ्यावा. स्क्वेअर वेव्हवर पंखा रात्रभर गुणगुणतो आणि मोटर तापते. मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं, ते बहुतेक घरांत आयुष्यभर एकाच जागी राहतं. यूपीएसवर ठेवलं तर व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की मशीन बॅटरीवर जातं. उन्हाळ्यात शेतीच्या मोटरी चालू झाल्या की गावाकडच्या लाईनला लाईट डीम होते. घरात उजेड असतो, सगळे निर्धास्त असतात आणि बॅटरी आतल्या आत रिकामी होते. मग खरी लाईट गेली की वीस मिनिटांत सगळं बंद, आणि शिव्या बॅटरीच्या कंपनीला. बटण नॉर्मलवर ठेवा. कम्प्युटर असेल तर त्याला वेगळा छोटा यूपीएस घ्या.

मशीन आणि बॅटरी शेजारी-शेजारी हवी. पूर्ण लोडवर १२ व्होल्टच्या वायरमधून सत्तरेक अँपिअर वाहतात. वायर लांब किंवा नट सैल असला की तिथंच तापतं आणि टर्मिनल वितळतं. लोकांना मात्र पन्नास किलोंहून जड बॅटरीला बरोबर दोनच जागा सुचतात: जिन्याखालचं बंद कपाट आणि देवघराची खालची फळी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. वर समई, खाली हायड्रोजन. देवाची परीक्षा इतकी बघू नये.

दर तीन महिन्यांनी बॅटरीवरच्या, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या दांड्या बघायच्या. लाल खूण दिसली की डिस्टिल्ड वॉटर हिरव्या खुणेपर्यंत. ‘आमचं आरओचं आहे’ हे चालत नाही, त्यातही क्षार असतात. अॅसिड तर मुळीच घालायचं नाही. उडून जातं ते पाणी, अॅसिड आतच राहतं. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साठलं की इन्व्हर्टर बंद करून वायरी काढा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून पुसा, कोरडं करून व्हॅसलीन लावा. हे सगळं नको असेल तर लिथियम बॅटरी घ्या. महाग पडते, पण पाणी नाही, आणि भरते तीन-चार तासांत. ट्यूब्युलरला, म्हणजे पाणी घालायच्या नेहमीच्या बॅटरीला, दहा-बारा लागतात. इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग आहे ना एवढं आधी बघा.

वायरिंगवाल्याला एकच बजावा: इन्व्हर्टरचा न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, दुसऱ्या सर्किटमध्ये मिसळू नको. मिसळला की आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईट तोडणारा स्विच, कारण नसताना पडत राहतो आणि वायरिंगवाला फोन उचलत नाही.

जनरेटरचं थोडक्यात. तो घराबाहेर, उघड्यावर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही. आणि जोडायचा तो चेंजओव्हर स्विचवरूनच, म्हणजे लाईन आणि जनरेटर यांतलं एका वेळी एकच घराला जोडणाऱ्या स्विचवरून.

राहिलं सोलर. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, त्यामुळे गच्च्या भराभर निळ्या होताहेत. पण ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं सोलर, लाईट गेली की स्वतःहून बंद होतं. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी लाईनमध्ये जाईल आणि खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाईट नसताना चालायला हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि हे सही झाल्यावर सांगण्याची पद्धत आहे. मग भर दुपारी तीन किलोवॅट डोक्यावर तळपत असताना घामाघूम झालेला सोलरवाला शेजारी आपल्या पंख्याखाली येऊन बसतो. त्याला चहा द्यावा, वायफायचा पासवर्डही द्यावा. बरोबर इस्त्री आणली असेल तर मात्र ती दारातच ठेवायला सांगावी.