पाणिपट्टी

पाटबंधारे खात्यात 34 वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला नदी आणि गटर यांविषयी कोणी काही नवे शिकवू शकेल, असे मला वाटत नव्हते. नाशिकमध्ये अशोकस्तंभाजवळच्या एका गल्लीतील छापखान्यात माझा हा गैरसमज दूर झाला. माझ्या आठवणींच्या पुस्तकाची पहिली प्रुफे टेबलावर ठेवून मुद्रितशोधक बाई गंभीर आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुमच्या 47 व्या पृष्ठावरून नदी वाहते आहे आणि गटर तर फारच अरुंद आहे."

मी ते पृष्ठ नीट वाचले. तिथे नदी नव्हती. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याविषयी मी लिहिले होते आणि कालव्याला नदी म्हणणे हे आमच्या खात्यात अज्ञानाचे लक्षण समजले जाते. बाईंनी पेन्सिलीने दाखवले, तेव्हा कुठे प्रकाश पडला. ओळीच्या दोन्ही कडा सरळ रेषेत आणताना शब्दांमधल्या मोकळ्या जागा ताणल्या जातात, आणि अशा जागा चार-सहा ओळींत एकाखाली एक आल्या की पृष्ठावरून वरपासून खालपर्यंत एक पांढरा ओघळ उतरतो. त्याचे नाव नदी. 'कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयाकडून' अशी लांबलचक शब्दावली जिथे जिथे होती, तिथे तिथे नदीला पूर आलेला होता. गटर म्हणजे बांधणीच्या बाजूला सोडलेली पांढरी पट्टी. ती अरुंद राहिली, तर वाचकाला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरावे लागते. गटर अरुंद असल्याची तक्रार खात्यात आली, की ती महापालिकेकडे पाठवून आम्ही मोकळे होत असू. इथे ती माझ्याच नावावर नोंदली गेली होती.

ज्या शहराच्या नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापल्या जात आहेत, तिथे आपले एक छोटेसे पुस्तक छापून घेण्यात अवघड ते काय, असे मी घरी म्हणालो होतो. नोटेची एक सोय मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. तिच्यावरचा मजकूर दर वेळी जवळजवळ तोच असतो आणि तो आणखी थोडा सुधारावा, असे रात्री दोन वाजता कोणाला वाटत नाही.

तपासलेली प्रुफे मी घरी आणली, तेव्हा समासात जागोजागी एक सुरेख, शेपटी वळवलेली खूण दिसली. काही परिच्छेदांशेजारी ती इतक्या मुक्त हस्ताने दिलेली होती की, ती बाईंची दाद असावी, याविषयी मला शंका उरली नाही. मी ती पृष्ठे सौ.ला दाखवली, शेजारच्या कुलकर्ण्यांना दाखवली आणि सासऱ्यांवरच्या प्रकरणात अशा तब्बल 11 खुणा असल्याचे फोन करून मुलीलाही कळवले. दुसऱ्या दिवशी समजले की ती खूण 'काढून टाका' अशी आहे. त्याच दिवशी दुसरा खुलासाही झाला. माझ्या दृष्टीने महत्त्वाच्या शब्दांखाली मी ठिपके देऊन ठेवले होते आणि मुद्रितशोधनात ठिपक्यांचा अर्थ 'खोडले असले तरी राहू द्या' असा होतो. या खुणेचे 'स्टेट' हे नाव लॅटिन भाषेतून आले आहे म्हणे. बाईंना वाटले की काय खोडले जाणार याचा अंदाज बांधून मी आधीच हरकत नोंदवली आहे, आणि त्या दिवसभर माझ्याशी कामापुरतेच बोलल्या.

या सर्व खुणांमध्ये मला मनापासून आवडले ते काकपद. सुटलेला शब्द घालायचा असेल, तिथे ओळीखाली कावळ्याच्या पावलासारखी खूण करायची आणि शब्द वर लिहायचा, इतका हा साधा व्यवहार आहे. त्यात कोणाचे काही जात नाही. उलट परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पृष्ठाच्या माथ्यावर एकटीच गेली, तर तिला या धंद्यात 'विधवा' म्हणतात. हे नाव ज्याने ठेवले, त्याला चार शब्द सुनवावेत असे वाटते. बाई तिला 'उरलेली ओळ' म्हणतात आणि मीही तसेच म्हणतो.

शुद्धलेखनाच्या बाबतीत मी बेफिकीर राहिलो, असे कोणी म्हणू नये. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 चे आणखी 4, असे सगळे 18 नियम मी खात्याचे परिपत्रक वाचावे तसे अधोरेखित करून वाचले. समासातील पहिले पद मूळचे ऱ्हस्व असेल, तर ते ऱ्हस्वच राहते, म्हणून 'कवी' दीर्घ असला तरी 'कविराज' ऱ्हस्व, हे वाचल्यावर तर मला किल्लीच सापडली. एका रात्रीत मी पुस्तकातील प्रत्येक 'पाणीपट्टी'ची 'पाणिपट्टी' केली, 'पाणीवाटपा'चे 'पाणिवाटप' केले आणि समाधानाने झोपलो. सकाळी बाईंनी पहिलेच पृष्ठ पाहून चष्मा काढला. "साहेब, तो नियम संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचा. आपलं पाणी मराठी आहे, ते कुठेही दीर्घच. ऱ्हस्व 'पाणि' म्हणजे हात, पाणिग्रहणातला. पाणिपट्टी म्हणजे हाताला बांधायची पट्टी झाली." त्या हिशेबाने मी 34 वर्षे निफाड आणि सिन्नर तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या हातांना पट्ट्या बांधत हिंडलो होतो, आणि त्या वेळेवर बांधून घेत नाहीत म्हणून त्यांना नोटिसाही काढल्या होत्या. एकूण 63 दुरुस्त्यांची पुनर्दुरुस्ती झाली. त्या प्रत्येकीखाली मी योग्य अर्थाने ठिपके दिले.

यानंतर फॉर्म आला. मी इतकी वर्षे भरलेल्या फॉर्मांशी त्याचा काही संबंध नाही. एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून 16 पृष्ठे छापायची, घड्या घालायच्या आणि कापायचे, हा एक फॉर्म. आणि पुस्तकाने त्याच मापात संपावे, अशी अपेक्षा असते. माझे पुस्तक 131 पाने झाले, असे मी सांगितले. बाईंनी 'पृष्ठे' अशी दुरुस्ती केली, कारण पानाला दोन बाजू असतात. छापखान्याचे मालक म्हणाले, "आठ फॉर्मांचे होतात 128. तीन पृष्ठं जड झाली. अक्षर अर्ध्या पॉइंटनं खाली आणू या." एका इंचात 72 पॉइंट मावतात, तेव्हा अर्ध्या पॉइंटाने काय बिघडते, असा त्यांचा प्रश्न होता. माझ्या संभाव्य वाचकांपैकी बहुतेकांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि उरलेल्यांची ठरलेली आहे, असे मी सांगितल्यावर तो विषय थांबला.

तीन पृष्ठे कापायची, तर कोणाची? अधीक्षक अभियंत्यांवरची तीन पृष्ठे काढता येत नव्हती, कारण प्रकाशन समारंभाचे अध्यक्ष तेच होते. ज्या मित्रावर आणखी तीन पृष्ठे लिहिली होती, त्याने आगाऊ 10 प्रती घेतल्या होत्या. राहिले माझे सासरे, त्यांचे चांदवडचे घर आणि त्या घरी मला पहिल्या उन्हाळ्यात आग्रहाने वाढलेले आमरस-मांडे. ते हयात नव्हते, त्यामुळे हरकत येण्याचा संभव नव्हता. शिवाय त्या पृष्ठांवर 11 शेपट्या होत्याच. ती पृष्ठे गेली.

पहिले चार फॉर्म छापून झाल्यावर मालकांचा फोन आला. मुख्य शीर्षकपृष्ठ, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका मिळून 6 पृष्ठे हिशेबात धरायची राहिली होती. आता अर्धा फॉर्म वाढवावा लागेल आणि एक पान शेवटी कोरे जाईल. मी फोन ठेवून कागदावर आकडे मांडले. 128 आणि 6 मिळून 134, साडेआठ फॉर्मांची पृष्ठे 136, म्हणजे सासऱ्यांच्या तीनपैकी दोन पृष्ठे राहू शकली असती. मी धावत छापखाना गाठला. ते प्रकरण तिसऱ्या फॉर्ममध्ये होते, आणि तिसरा फॉर्म घड्या घालून, सुतळीने बांधून कोपऱ्यात ठेवलेला होता.

कोऱ्या पानावर माथ्याशी 'टिपणे' असा शब्द छापून मालकांनी ते भरून काढले. पुस्तक आल्यावर सौ.ने अनुक्रमणिका दोनदा वाचली आणि काहीच विचारले नाही. तिने स्वयंपाकघरातील फळीवर एक प्रत ठेवली, याचे मला बरे वाटले. परवा ती प्रत सहज उघडली, तर 'टिपणे' या शब्दाखाली, चांदवडचे मांडे जिथे बसले असते नेमक्या तेवढ्याच जागेत, दुधाचा हिशेब सुबक अक्षरात लिहिलेला होता. 17 तारखेचे अर्धा लिटर सुटले होते. मी काकपद देऊन ते वर लिहिले.