साडेतीन कोर

यावल-रावेरच्या पट्ट्यात माणसाची पत तीन गोष्टींवर ठरते: ट्यूबवेलला पाणी किती, केळीचा घड केवढा, आणि डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, वावरापासून किती लांब. पहिल्या दोन्हींत आमचं बरं चाललं होतं. डीपी मात्र रस्त्याच्या कडेला, ट्यूबवेल पार तिकडे टोकाला आणि मधे आप्पांची केळी. आप्पा म्हणजे आमचे चुलत काका. एकत्र होतो तेव्हा बांध नव्हता, वाटण्या झाल्यापासून बांध हाच आमचा दुवा आहे.

आजवर वीज वाकड्या बल्ल्यांवरून यायची. मे-जूनचं वादळ सुटलं की आधी केळी आडवी व्हायची, मग तिच्यावर तारा. वर्षाकाठी तेच. शेवटी वायरमन दादा म्हणाले, "भाऊ, आता वरून नको. आर्मर केबल घ्या आणि गाडून टाका." गाडून टाका हे शब्द त्यांनी ज्या सहजतेने उच्चारले, त्याबद्दल मला अजून त्यांचं कौतुक वाटतं.

पहिला प्रश्न, किती मीटर? आमच्याकडे अंतर मोजायचे फार प्रकार आहेत आणि एकाचंही दुसऱ्याशी जमत नाही. सालदाराने पावलं टाकली. पण त्याचं पाऊल सकाळी मोठं पडतं आणि दुपारी लहान. मुलाने मोबाईलवर मोजलं. मोबाईल निंबावरून, आप्पांच्या पत्र्यावरून सरळ उडत गेला आणि सगळ्यात कमी आकडा घेऊन परत आला. आप्पांनी न विचारता सातबारा काढला. शेवटी टेप आणून, वळणं धरून, दोन्ही टोकांना थोडी ढील ठेवून ६२५ मीटर ठरलं. आप्पा म्हणाले, "इतकी लागत नाही." किती लागते ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

जळगावला दुकानात गेलो. "आर्मर केबल दाखवा," म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसाने माझी परीक्षाच घ्यायला सुरुवात केली. "किती कोर? किती स्क्वेअर? ॲल्युमिनियम की तांबं? पट्टी की तार?" लग्नासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही मला इतके प्रश्न विचारले नव्हते.

तांब्याचं उत्तर सोपं होतं. आमच्याकडे तांब्याची केबल जमिनीत फार दिवस टिकत नाही, तिला पाय फुटतात. ॲल्युमिनियम ठरलं. पट्टी की तार हे वरच्या पोलादी चिलखताबद्दल होतं. फावड्याचा घाव, उंदराचे दात आणि ट्रॉलीचा भार अंगावर घ्यायचा तो त्याने. पट्टी घेतली.

स्क्वेअरवर, म्हणजे तार किती चौरस मिलिमीटर जाड यावर, मात्र घोडं अडलं. १६ स्क्वेअरची केबल स्वस्त, आणि दहा एचपीच्या मोटारीचे चौदा-पंधरा अँपिअर ती हसत वाहून नेते. पण सव्वासहाशे मीटर चालता चालता पंचवीस-सव्वीस व्होल्ट वाटेत सांडून टाकते. २५ स्क्वेअरवाली सोळा-सतराच सांडते. आमच्या डीपीवर व्होल्टेज मुळातच धापा टाकत पोहोचतं. त्यातून आणखी सांडायला आमच्यापाशी आहे काय? म्हणून २५.

मग कोर. मोटारीला तीन तारा पुरतात. पण ट्यूबवेलच्या खोलीत एक बल्ब आहे आणि बल्बला न्यूट्रल लागते, म्हणून साडेतीन कोर. तीन तारा २५ च्या आणि एक बारीक, १६ ची. ६२५ मीटर लांब जादा तार एका बल्बासाठी! दुकानदाराने हे अगदी गंभीरपणे सांगितलं आणि मीही गंभीरपणे मान हलवली, कारण साडेतीन ऐकलं की मराठी माणूस हुज्जत घालत नाही. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. आणि त्यातलं अर्धं म्हणजे कमी असा कोणाचा समज असेल, तर त्याने चैत्रात खानदेशातून वणीच्या गडाला पायी निघणारी गर्दी बघावी. नाना फडणवीसही अर्ध्यातच मोडायचे.

"भाव काय?"

"आजचा सांगू?"

ॲल्युमिनियमचा भाव हलला की केबलचा हलतो, हे त्याने कापसाच्या व्यापाऱ्याच्या सुरात सांगितलं. कापूस आम्ही विकतो तेव्हा भाव उतरलेला असतो, केबल घेतो तेव्हा चढलेला. वर अठरा टक्के जीएसटी. शिवाय ड्रम येतो ५०० मीटरचा किंवा १००० चा, आणि आम्हाला हवी ६२५. "पाचशे घ्या, पुढे जोड मारा," तो म्हणाला. काळ्या मातीत, पावसाळ्यात, जमिनीखाली जोड! वायरमन दादांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हजारातून कापून द्यायचं ठरलं. उरलेली पावणेचारशे कोणाच्या गळ्यात मारावी याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर बिल होईपर्यंत चालू होता.

मीटरला साधारण किलो, म्हणजे सहा-सव्वासहा क्विंटलचं हे धूड वावरात उतरलं. जेसीबीच्या बादलीला साखळी बांधून उतरवलं, तेव्हा गाव जमलं होतं. ड्रमच्या लाकडी अंगावर एक बाण रंगवलेला असतो. ड्रम त्याच दिशेने लोटायचा, उलटा लोटला तर वेढे सैल होऊन एकमेकांत अडकतात. बाण सगळ्यांनी पाहिला. तो कोणत्या बाजूने बघायचा यावरून दोन तट पडले आणि चहा झाल्याशिवाय मिटले नाहीत.

आता चारी. अडीच फूट खोल, खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा आणि धोक्याची पट्टी. (वाळू कुठून आणली हे विचारू नये. आमच्या जिल्ह्यात तो हळू आवाजात बोलायचा विषय आहे.) एप्रिलमधली काळी माती म्हणजे काय, हे ज्याने कुदळ मारली त्यालाच कळतं. पावसात चपलेला सोडत नाही ती, आणि उन्हात कुदळीला आत घेत नाही ती, माती एकच. जेसीबी बांधापर्यंत आला. पुढे आप्पांची केळी, तिथे हातानेच खणायचं.

आणि तिथे आप्पा उभे होते.

"माही फूटभर जमीन जाईन."

"आप्पा, केबल अडीच फूट खाली जाणार. वरची जमीन तुमचीच."

"आन खालची कोनाची आहे?"

याला उत्तर नव्हतं. तासभराने तोडगा निघाला: केबल बांधाच्या कडेकडेनेच न्यायची, निंबाला वळसा घालायचा, आणि कोपऱ्यावर काटकोनात वळवायची. आप्पांना काटकोन फार प्रिय. वायरमन दादांनी डोक्याला हात लावला. आर्मर केबल तिच्या जाडीच्या बारा पटीपेक्षा आवळून वळवायची नसते. आमची बोटभर जाड, म्हणजे फूटभर तरी त्रिज्या हवी. दादांनी कोणाच्या तरी मोटरसायकलचं सुटं चाक आणवून कोपऱ्यावर आडवं ठेवलं आणि म्हणाले, "हे चाक आतून बसलं पाहिजे. याच्यावर आवळलं तर चिलखत उघडेल." आप्पा चाकाकडे बघत राहिले. मग बांधाच्या आत सरकलेली ती वीतभर माती त्यांनी काठीने आखून दिली, आणि आखताना माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढच्या पिढीतही तो कोपरा विसरला जाणार नाही.

ओढायच्या दिवशी ड्रमच्या भोकातून लोखंडी पाइप घालून तो दोन घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर, चढवला. दर वीस-पंचवीस फुटांवर एक माणूस. उन्हाने पाइप हातात धरवत नव्हता. पुढून "ओढ" म्हटलं की मागचे थांबायचे आणि मागून "थांब" म्हटलं की पुढचे ओढायचे. तरी केबल सरकत होती. काळी, चकचकीत, दर मीटरला आकडा छापलेली. तो आकडा आप्पांनी पाहिला.

"अरे, हे तर १३७२ पासून सुरू होते!"

"हो आप्पा."

"मंग पहिले १३७२ मीटर कुठी गेले?"

शेवटचा आकडा १९९७, वजा केले की बरोबर ६२५, हे मी बोटांवर, दादांनी मातीत आणि मुलाने मोबाईलवर करून दाखवलं. कारखान्यात आकडा पुढे चालूच राहतो, शून्यावरून निघत नाही, हेही सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळपर्यंत गावात खबर होती की जळगाववाल्याने आम्हाला तेराशे मीटरला बुडवलं.

चारीत केबल ताणून टाकायची नाही, थोडी नागमोडी ठेवायची. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि ताणलेलं असेल ते ओढते. तेवढं झालं, आणि वरणबट्टी झाली. वांग्याची घोटलेली भाजी, वरणावर तुपाची धार. खणायला जितके हात होते, त्याच्या दुप्पट बट्टीला आले आणि त्यांतल्या प्रत्येकाने केबल आपण ओढली असं सांगितलं. मजुरी आणि बट्टी यांचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा, असं बायकोने तेव्हा बजावलं होतं. ठेवला. बट्टीचा मोठा निघाला.

मग केबलची टोकं पकडून धरणाऱ्या ग्लँड बसल्या, तारांच्या टोकांवर थिंबल दाबल्या, चिलखताला दोन्ही टोकांनी अर्थिंग दिलं. मेगरचा, म्हणजे केबलमधून वीज गळत नाही ना ते बघायच्या यंत्राचा, काटा जिथे हवा तिथे गेला आणि दादांनी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटारीने एकदम सूर धरला. पाण्याची धार हौदात पडली तशी पोरं उड्या मारायला लागली. खोलीतला बल्बही लागला, भर दुपारी, पण लागला.

आप्पा खोलीच्या दारात येऊन बल्बाकडे बराच वेळ बघत होते. मग दादांना बाजूला घेऊन म्हणाले, "ती अर्धी तार याच्या एका बल्बापुरतीच आहे ना? केबल माह्या वावरातून चालली. ती अर्धी मले दे."

"आप्पा, नुसत्या अर्ध्या तारेने उजेड पडत नाही."

"नको पडू दे. तू दे तर खरी."