फ्लॅट बघायला जाताना कान घरी ठेवून जा

साइट व्हिजिटला जायचं तर रविवारी सकाळी ११ लाच जा. रस्ता रिकामा, शेजारच्या बांधकामाला सुट्टी, आणि सेल्सवाला पोरगा सॅम्पल फ्लॅटची काच लावून, एसी सोडून "सर, शांतता बघा" म्हणाला की नुसती मान डोलवायची. रात्री साडेदहाला जाऊन गेटवर उभे राहणारे लोक संशयी असतात, त्यांच्या नादी लागू नका. मागे लग्नाचं लॉन्स आहे? मस्त, बँड फुकट.

वास्तू बघा, किचन आग्नेयेला आहे ना बघा, पण दोन फ्लॅटमधली भिंत चार इंची की सहा इंची असलं काही विचारू नका, सेल्सवाल्याला वाईट वाटतं. आवाज अडवायला जड भिंत लागते म्हणे. लागू दे, आपण नंतर फोम चिकटवू. फोमने आपल्याच खोलीतला घुमारा कमी होतो, शेजारच्या काकांचं घोरणं जसंच्या तसं येतं, पण भिंत कशी स्टुडिओसारखी दिसते!

बेडरूम लिफ्टच्या भिंतीला लागून असेल तर लगेच टोकन द्या. पाइपाच्या डक्टला लागून असेल तर अजूनच छान, वरचे कितीला उठतात ते फ्लशवरून कळतं, घड्याळ नको. आणि वरच्यांची फरशी मध्ये मऊ थर न घालता थेट स्लॅबवर बसवलेली असली की वरच्या वहिनी पहाटे खलबत्त्यात आलं कुटतात तेव्हा चहा त्यांचा आणि जाग आपल्याला, म्हणजे शेजारधर्म आपोआप वाढतो.

खिडक्या स्लायडिंगच घ्या. बंद केली तरी फट राहते, वारा येतो तिथूनच हॉर्न येतो. रबर लावलेली, दारासारखी उघडणारी घट्ट खिडकी घेऊन त्यात दोन काचा बसवतात ते लोक माणूसघाणे.

ध्वनिप्रदूषणाचा कायदा आहेच की आपल्या बाजूने, २००० सालापासून. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ फक्त ४५. (वर्षातले १५ दिवसांपर्यंत सरकार स्पीकरला रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तेवढं चालायचंच.) याची प्रिंट काढून ठेवा, कारण डीजेवाल्याला तोंडी सांगितलेलं ऐकू येणार नाही.

आणि पुण्यात लोहगाव-विमाननगरकडे बघत असाल तर डोळे झाकून घ्या. एअर फोर्सचं विमान डोक्यावरून गेलं की अख्खी सोसायटी बोलायची थांबते, नवरा-बायकोचं भांडणसुद्धा. याचे जादा पैसे बिल्डरने अजून लावलेले नाहीत, लवकर बुक करा.