सावधान, विश्राम आणि झेरॉक्स

फौजेतून पेन्शनवर यायला वर्षभर उरलं असेल, तर सगळ्यात आधी काहीही करू नका. सतरा-अठरा वर्षं तुम्ही जर्सीसुद्धा थंडी वाजली म्हणून घातली नाही, ऑर्डर निघाली म्हणून घातली. आता शेवटच्या वर्षात स्वतःच्या डोक्यानं चालायची ही कसली घाई? फॉल-इन व्हा, रोल कॉलला 'हाजिर साब' म्हणा, फटीकला, म्हणजे झाडलोट-खोदकामाला, जा. कागदपत्रांचं क्लार्क बघेल. त्याच्या टेबलावर तुमच्यासारखे आणखी चाळीस जण आहेत, पण तुमचं काम तो खास लक्षात ठेवेल, कारण तुम्ही त्याला मागच्या दिवाळीला संत्राबर्फी आणून दिली होती.

सुटीच्या हिशेबातही पडू नका. वर्षाला 60 दिवस सालाना आणि 30 दिवस कॅज्युअल, असे कागदावर पुरते 90 दिवस भरतात. त्यातले हाती किती लागले, ते बायकोच्या कॅलेंडरवर आहे. लहान बहिणीच्या लग्नाला तुम्ही अंदमान एक्स्प्रेसच्या वेटिंग तिकिटावर, पेटीवर बसून, जम्मूहून निघालात आणि नागपूरला उतरलात तेव्हा मांडववाले बल्ल्या काढत होते. असल्या त्रासाची भरपाई म्हणूनच सरकार जवानाला महिन्याला 5,200 रुपये मिलिटरी सर्व्हिस पे देतं. म्हणजे दिवसाला 173 रुपये. वर्धा रोडवर तेवढ्यात दोन प्लेट तर्री-पोहे आणि चहा होतो, मग तक्रार कशाची?

आता मुख्य काम: नाव. रायफलचा बट नंबर झोपेत विचारला तरी सांगता, ती रोज पुल-थ्रू ओढून साफ केलीत. स्वतःच्या नावाकडे मात्र भरतीच्या दिवसानंतर ढुंकून पाहू नका. भरतीच्या वेळी समोरच्या बाबूनं वानखेडेचं 'बानखेड़े' केलं, मधलं वडिलांचं नाव शेवटी टाकलं आणि त्यांच्या नावापुढचा 'राव' उडवला, तर तो त्याचा प्रेमळ हक्क समजा. आधारवर 'राव' आहे, पॅनवर नाही, बँकेत नुसती आद्याक्षरं आहेत. एका माणसाची चार नावं असली तर घर भरलेलं वाटतं.

बायकोच्या नावाची मजा त्याहून मोठी. लग्नात ताटात तांदूळ पसरून तुम्ही अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलंत, बायका खिदळल्या, फोटो निघाला. ते ताटातलं नाव आधारवर चढलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव राहिलं. आणि युनिटमध्ये लग्नाची नोंद करताना तुम्ही घरी ज्या नावानं हाक मारता तेच सांगून आलात, म्हणून पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या सेवानोंदीच्या आदेशात, तिसरंच नाव छापलं गेलं. हे दुरुस्त करायचं तर नोकरीत असताना एक अर्ज, लग्नाचा दाखला, आधारची प्रत आणि युनिटनं काढलेला नवा पार्ट टू ऑर्डर एवढ्यावर बहुधा भागतं. म्हणूनच ते आता करू नका. पेन्शनवर आल्यावर करा. तेव्हा प्रतिज्ञापत्र लागेल, कदाचित राजपत्रात नावबदल छापावा लागेल, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का, मग तुमच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला टपाल. गार्ड्स रेजिमेंटवाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस नागपूरजवळ कामठीतच आहे, त्यांना ही मौज नाही. बाकीच्यांचा प्रवास घडतो: महार रेजिमेंट असेल तर सागर, मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड, यंत्रदुरुस्तीवालं ईएमई असेल तर सिकंदराबाद. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे हे कधीच करू नका. तुम्ही गेल्यावर फॅमिली पेन्शनच्या खिडकीत ती एकटी उभी राहील आणि ताटातली ती बाई आपणच, हे सिद्ध करत बसेल. तोवर तांदूळ शिजून कैक वर्षं झालेली असतील.

पुढे रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे फौज सोडतानाची वैद्यकीय तपासणी. इथे छाती फुगवून जा. फायरिंग रेंजवरून आणलेली शिट्टी डाव्या कानात बारा वर्षं वाजते आहे, जिना उतरताना गुडघा करकरतो, कंबर सकाळी अर्धा तास ऐकत नाही. डॉक्टरनं विचारलं की म्हणा, 'सब ठीक है साब.' शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, हा शब्द टिकवण्यासाठी तुम्ही आजवर एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जायचं टाळलंत, बाम स्वतःच्या पैशानं आणलात, कारण कॅटेगरी खाली गेली तर प्रमोशनचा कॅडर कोर्स हुकतो. ती तपश्चर्या शेवटच्या दिवशी वाया कशी घालवायची? अपंगत्व पेन्शनसाठी अपंगत्व किमान 20 टक्के असावं लागतं आणि ते सेवेमुळे झालं किंवा सेवेमुळे वाढलं हे लष्करी वैद्यकीय कागदात दिसावं लागतं, या बारकाव्यांत मर्द पडत नसतो. घरी आल्यावर सहा महिन्यांनी गुडघ्याला सगळं आठवेल. त्याची साक्ष कोणी घेणार नाही, पण आठवेल.

मग पैसे. जवानाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते, त्याला कम्युटेशन म्हणतात. समजा मूळ पेन्शन 20,000 रुपये बसली. निम्मे, म्हणजे 10,000 विकले. चाळिशीच्या आसपासच्या वयाला गुणांक साधारण नऊ धरा: 10,000 गुणिले 12 गुणिले 9, एकरकमी 10 लाख 80 हजार. त्याबदल्यात दर महिन्याला 10,000 कापले जातात, 15 वर्षं, म्हणजे एकूण 18 लाख. महागाई भत्ता मात्र पूर्ण 20,000 वरच मिळत राहतो, त्यामुळे सौदा वाटतो तितका वाईट नाही. त्या रकमेनं कर्ज फेडलं किंवा घर बांधलं तर समजण्यासारखाच आहे. पण तुम्ही हा हिशेब कागदावर मांडायचाच नाही. 'पूर्ण विकून टाक' असं पलटनीत ज्यानं सांगितलं त्यालाही ते कोणीतरी सांगितलंच होतं. आणि ग्रॅच्युइटी, फंड, आर्मी ग्रुप इन्शुरन्स, शिल्लक रजेचे पैसे हे सगळं एकाच महिन्यात एकाच खात्यावर आलं पाहिजे, आणि त्याची बातमी गावात तुमच्या आधी पोचली पाहिजे.

ती पोचतेच. तुम्ही अजून होल्डॉल सोडला नाही तोच पांढऱ्या शर्टातला एक भाऊ दारात येईल. 'फौजी, प्लॉट पाह्यला का? मिहानपासून पंधरा मिनिटं.' ही पंधरा मिनिटं रात्री दोन वाजता, रस्ता रिकामा असताना आणि मारुती उडत असताना मोजलेली असतात. नागपुरात प्लॉट घेताना विचारायचे प्रश्न लहान पोरालाही पाठ असतात: सातबारा कोणाच्या नावे, एनए झालं का, ले-आउटचा नकाशा नागपूर सुधार प्रन्यासनं की एनएमआरडीए या महानगर प्राधिकरणानं मंजूर केला, आणि आरएल, म्हणजे रिलीज लेटर, आहे का. यातला एकही विचारू नका. 'आरएल पुढच्या महिन्यात येऊन राह्यलं' यावर विश्वास ठेवा. तुम्ही सियाचीनच्या हेलिकॉप्टरची वाट पाहिली आहे, पुढचा महिना म्हणजे काय हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? खरेदीखत नोंदवण्याची घाई करू नका. विसारपत्रावर सात लाख देऊन टाका, तेही रोख, कारण चेकनं दिले तर भावाला वाईट वाटतं. त्याचा एक मामा फौजेतच होता.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी-पास जवानाला फौज पदवीला समकक्ष असल्याचं प्रमाणपत्रही देते, केंद्राच्या गट क पदांसाठी ते चालतं. ते घेऊन हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात जा. तिथला सव्वीस वर्षांचा साहेब ते दोन्ही बाजूंनी पाहील आणि विचारेल, 'पण तुमचा सब्जेक्ट काय होता?' तुम्ही तीस माणसांची प्लाटून बर्फात आठ महिने जिवंत ठेवली, दारूगोळ्याचा एका राउंडपर्यंत हिशेब ठेवला, दोन टनी गाडी दरडीच्या रस्त्यावर चालवली. यातला सब्जेक्ट कोणता ते तिथेच ठरवा. नाही जमलं तर गेटवर बारा तासांची ड्युटी आहे. कॅप मिळते.

आणि हो, दाखल्यांच्या मूळ प्रती घेऊनच सगळीकडे फिरा. डिस्चार्ज बुक पेटीच्या तळाशी, डांबरगोळ्यांखाली ठेवा, म्हणजे लागेल तेव्हा मच्छरदाणी, मेस टिन आणि जुनी पत्रं उपसल्याशिवाय हाती येणार नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवणं, माजी सैनिकाचं ओळखपत्र, माजी सैनिकांच्या औषधोपचाराचं ईसीएचएसचं कार्ड ही कामं मागे ठेवा. आधी कँटीनचं कार्ड करा. कारण तुम्ही आल्याची खरी वाट कोण पाहत होतं ते त्या दिवशी कळेल. ज्या साडूनं अठरा वर्षांत एक फोन केला नाही तो स्वतः गाडी घेऊन येतो, बाहेर सावलीत उभा राहतो आणि मासिक कोट्याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती ठेवतो. ईसीएचएसचं मात्र आजारी पडल्यावर बघा. पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीवरचं खासगी रुग्णालय, हा क्रम ताप चढलेला असताना शिकायला फार सोपा जातो.

अग्निवीरांना यातलं काही करावं लागत नाही, म्हणून त्यांचा हेवा करा. 2022 पासूनची ही सोय सुटसुटीत आहे: चार वर्षं, शंभरातले पंचवीसपर्यंत पुढे ठेवतात, बाकीच्यांच्या हाती सेवा निधीचे सुमारे 11 लाख 71 हजार. पेन्शनच नाही, त्यामुळे पेन्शनच्या कागदात चूक होण्याचा प्रश्न मुळातून सुटला.

घरात शिरल्यावर पहिल्याच आठवड्यात इन्स्पेक्शन घ्या. तुम्ही नसताना बायकोनं गॅसचे नंबर लावले, दोन पोरं शाळेत घातली, सासूचा गुडघा बदलून घेतला, उन्हाळ्यात कूलरची वाळ्याची ताटी स्वतः बदलली आणि नळ रात्री अडीचला येतो तेव्हा उठून ड्रम भरले. तिला हे सगळं चुकीचं कसं करत होती ते समजावून सांगा. मसाल्याच्या डब्यांना उंचीप्रमाणे उभं करा. पहाटे साडेचारला दिवा लावा. बारावीचा पोरगा 'बाबा, काऊन बे एवढ्या सकाळी' असं म्हणाला तर त्याच्या 'बे' वर चार्ज लावा. बोलताना मराठीत 'मगर' आणि 'लेकिन' घालत जा. आई हसेल, पण तिला तुमचं बोलणं सतरा वर्षं फोनवर तसंच ऐकायची सवय आहे. शेजारचे काका पहिला महिनाभर विचारतील, 'किती दिवसाच्या सुटीवर?' दुसऱ्या महिन्यापासून विचारतील, 'मग, आता काय करून राह्यले?' दोन्हीला एकच उत्तर द्या: आराम.

आराम संपतो तो वर्ष भरल्यावर, हयातीच्या दाखल्याला. पेन्शन संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर आहे, म्हणजे वर्षातून एकदा जिवंत असल्याचं कळवावं लागतं. जवळच्या सेवा केंद्रात जा. तिथला मुलगा हयातीच्या दाखल्याचं 'जीवन प्रमाण' उघडेल आणि पेन्शन कोण देतं त्या रकान्यात तुमची बँक निवडेल, कारण पैसे बँकेत येतात. त्याला अडवू नका. त्या रकान्यात 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' निवडायचं असतं. शहराचं नाव 2018 मध्येच प्रयागराज झालं, पण जिवंत राहायचं तर अलाहाबादच शोधावं लागतं. बँक निवडली की दाखला निघतो, छापील पावतीही मिळते, तुम्ही खुशीत घरी जाता आणि काही महिन्यांनी पेन्शन थांबते.

मग दुसऱ्यांदा जा. या वेळी रकाना बरोबर भरला जाईल आणि मशीनवर अंगठा उमटणार नाही. दोरखंड, फावडी, बर्फ आणि ब्रासोनं त्याच्यावरच्या रेषा कधीच्याच घासून नेल्या आहेत. मुलगा म्हणेल, 'काका, धुऊन या.' धुऊन या. 'काका, जोरात दाबा.' दाबा. 'काका, दुसऱ्या हाताचा.' मागे रांग वाढते आहे, सर्व्हर एकदा पडून उठला आहे, कूलरचं पाणी संपून तो नुसता गरम वारा फेकतो आहे. सावधानमध्ये उभे राहा, टाचा जुळवून, अंगठा मशीनवर. हलू नका.